खेळाडू गेला, आपण कुठं जायचं?

आमच्या घरी दोरीवर नारिंगी आणि निळी जर्सी शेजारी शेजारी वाळत घालायची नाही, असा नियम आहे. नारिंगी दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ती एफसी गोवाची. निळी मुलांच्या मामाची, म्हणजे हिच्या धाकट्या भावाची. तो मूळचा हुबळीचा, आता नोकरीला बेंगळुरात, आणि कंठीरवा स्टेडियमवर वेस्ट ब्लॉकमध्ये उभं राहून ओरडणाऱ्यांपैकी एक. सुट्टीला तो आमच्याकडं आला की पहिल्या चहालाच सुरुवात होते.

"काय पावणं, यंदा कुणाला विकत घेतलं?"

"नीवु हेळ्री मावा, तुमच्यातलं कोण शिल्लक आहे ते आधी सांगा."

एक मराठीत बोलतो, दुसरा निम्मं कन्नड निम्मं मराठी. दोघांनाही दोन्ही भाषा येतात, पण भांडताना आपापली बरी पडते. बाहेरच्याला वाटेल ही सामन्यांची भांडणं. तसं नाही. खरी भांडणं होतात जून-जुलैत, सामने बंद असताना. कोण कुठून कुठं गेला, कितीला गेला, का गेला, यावर. त्या दोन महिन्यांत आमच्याकडं फुटबॉल सगळ्यात जास्त असतो.

दादांचं गोव्याचं वेड टीव्हीवरचं नव्हे. त्यांचा भाजीचा अडत व्यापार. बेळगावची भाजी गोव्याला जाते हे आपल्या वाचकांना मी काय सांगायचं! रात्री गाडी भरायची, अनमोड घाट उतरायचा, पहाटे मडगाव. त्या गाडीतून दादा कितीतरी वेळा स्वतः गेले. हिशेबाचं निमित्त, आणि संध्याकाळी फातोर्ड्याला डेंपोचा सामना. परतताना आईसाठी सुके बांगडे. त्या काळी गोव्याच्या क्लबांचा दबदबा असा होता की आज सांगितलं तर मुलांना खोटं वाटतं. २००७ साली आय-लीग सुरू झाली. पहिल्या सहा वर्षांत विजेते कोण? डेंपो, चर्चिल, डेंपो, साळगावकर, डेंपो, चर्चिल. सहाच्या सहा गोव्याकडं. डेंपोनं त्याआधी जुन्या राष्ट्रीय लीगमध्येही दोनदा बाजी मारली होती, २००४-०५ आणि २००६-०७ ला. प्रशिक्षक आर्मांडो कुलासो, पुढं रांती मार्टिन्स आणि बेटो. ही नावं दादा अजून अष्टविनायकांसारखी एका दमात म्हणतात.

रांती नायजेरियाचा. डेंपोकडं २००४ पासून आठ वर्षं. २०११-१२ च्या हंगामात त्यानं लीगमध्ये ३२ गोल केले, डेंपोला विजेतेपद दिलं आणि त्याच उन्हाळ्यात कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडला निघून गेला. बातमी आली त्या दिवशी दादा दुपारचं जेवले नाहीत. आई म्हणाली, "जावई गेल्यागत काय करताय?" दादा म्हणाले, "आठ वर्षं घरात जेवलेला माणूस, जाताना सांगून तरी जायचं."

आता रांतीनं बेळगावच्या अडत्याला सांगून जायचं कसं, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही.

पुढच्याच वर्षी, २०१३ ला, बेंगळुरु एफसी जन्माला आली आणि पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकून बसली. मामा तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला. गोव्याची मालिका तुटली ती तिथं. त्यात सुनील छेत्री. हा छेत्री म्हणजे आमच्या घरातली कायमची वादाची जागा. मामाच्या मते तो 'नम्म सुनील', बेंगळुराचा देव. दादा म्हणतात, "देव तुमच्याकडं आला कधी? २००९ ला तो डेंपोत होता. २०१३ ला चर्चिलकडून खेळून लीग जिंकली, तेव्हा तुमचा क्लब पाळण्यातही नव्हता. आमच्याकडचा भात खाऊन तुमच्याकडं आलाय तो." मामाचं उत्तर ठरलेलं: "आला ना? आणि राहिला ना?" हे खरं आहे. पण २०१५ चं मामाला आठवण करून द्यावं लागतं. त्या साली आयएसएलनं काही भारतीय खेळाडूंचा चक्क लिलाव केला आणि छेत्रीला मुंबई सिटीनं १ कोटी २० लाखांना घेतलं. आय-लीगला बेंगळुरु आणि आयएसएलला मुंबई, अशी त्याची दोन घरं. देशात दोन लीग एका वेळी नांदत होत्या, त्याचा हा प्रताप.

दोन सवतींचा संसार किती दिवस चालणार? थोरली कोण यावरून तंटा झाला. आयएसएल वरची आणि आय-लीग खालची, असा आराखडा पुढं आल्यावर २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. बेंगळुरु २०१७ ला आयएसएलमध्ये गेली. दादांचा डेंपो गोव्यापुरता उरला. मग त्यांनी काय करावं? सहा महिने त्यांनी फुटबॉलचं नाव काढलं नाही. एके दिवशी मडगावहून येताना नारिंगी जर्सी घेऊन आले. "मैदान तेच आहे," एवढंच म्हणाले. खेळाडू क्लब बदलतो तेव्हा आपण त्याला नावं ठेवतो. क्लबच मैदानातून उठून गेला तर माणसाला असं करावं लागतं. मामा एरवी काहीही बोलेल, पण या जर्सीवरून त्यानं दादांना कधी चिडवलं नाही.

१७ मार्च २०१९ चा दिवस मात्र घरात कुणी विसरत नाही. आयएसएलचा अंतिम सामना, मुंबईत अंधेरीला, गोवा विरुद्ध बेंगळुरु. म्हणजे आमच्या हॉलमध्ये दादा विरुद्ध मामा. नव्वद मिनिटं शून्य-शून्य. जादा वेळेत गोव्याचा अहमद जाहू बाहेर काढला गेला. ११७ व्या मिनिटाला बेंगळुरुला कॉर्नर मिळाला आणि राहुल भेकेनं डोक्यानं चेंडू आत घातला. मामा सोफ्यावर चढला. दादा टीव्हीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "भेके? हा तर मुंबईचा. आपलाच पोरगा की!" मग सगळ्यांना तो पेच दिसला. मुंबईच्या मराठी आडनावाच्या मुलानं, मुंबईतच, बेंगळुरासाठी, गोव्याला हरवलं होतं. आपल्याकडं आडनाव आणि भाषा यांवरून माणसाची बाजू ठरवायची खोड आहे. ती इथं चालेना. हिनं आतून आवाज दिला, "साकु बिडो, खाली उतर सोफ्यावरनं," आणि पानं वाढली.

दादांवर खरा घाव २०२० ला बसला. गोव्याचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना हंगामाच्या मध्येच, जानेवारीअखेर, काढलं. संघानं तरीही साखळीत पहिला क्रमांक मिळवला आणि आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान पटकावला. मग उन्हाळ्यात लोबेरा मुंबई सिटीत गेले आणि त्यांच्या मागोमाग जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमू, आणि मंदार राव देसाई. पहिल्या तिघांचं दादांना फार वाटलं नाही. "परदेशी माणसं, पोटासाठी आलेली." पण मंदार? गोव्याचा, संघाचा कर्णधार राहिलेला! पुढच्या हंगामात उपांत्य फेरीत मुंबईनं गोव्यालाच पेनल्टीवर ६-५ असं हरवलं आणि विजेतेपदही नेलं. करोनामुळं त्या वर्षीचे सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. दादा म्हणाले, "आपल्याच घरात येऊन, आपल्याच माणसांनी." त्या दिवशी 'गद्दार' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा ऐकला.

मामानं समजूत घातली ती हिशेबी होती. करार संपला की खेळाडू मोकळा. करार चालू असेल तर घेणाऱ्या क्लबनं पैसे मोजायचे. यात गद्दारी कुठली? युरोपात पूर्वी करार संपला तरी जुना क्लब पैसे मागायचा. बॉसमन नावाच्या बेल्जियमच्या खेळाडूनं कोर्टात दाद मागितली आणि १९९५ मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला. तेव्हापासून करार संपलेल्या माणसाला अडवता येत नाही. "मी तीन कंपन्या बदलल्या, मावा. मला कुणी गद्दार म्हणालं का?" दादा म्हणाले, "तुझ्या कंपनीसाठी कोण घसा बसेपर्यंत ओरडतं?"

मला दोघांचंही पटतं. हा वाद असाच वर्षानुवर्षं चालला असता. पण २०२२ ला आमच्या गल्लीत एक गोष्ट घडली.

दादांच्या गाडीवरच्या ड्रायव्हरचा मुलगा, वय अठरा, उजव्या बाजूनं पळणारा. चेंडू पायाला चिकटल्यागत. गोव्याच्या खालच्या विभागातल्या एका क्लबनं त्याला चाचणीला बोलावलं, आवडला, या म्हणाले. राहायची सोय, जेवण, वर थोडे पैसे. घरात पेढे वाटले. मग कळलं की नोंदणी बदलायला इथल्या जुन्या क्लबचं ना-हरकत पत्र लागेल. तो क्लब म्हणजे दोन खोल्या, एक जाळी आणि चार पदाधिकारी. मुलाला त्यांनी कधी एक रुपया दिला नव्हता. उलट तोच वर्गणी भरत होता. पदाधिकारी म्हणाले, आम्ही घडवलाय त्याला, पंचवीस हजार भरा. नोंदणीची मुदत संपायला नऊ दिवस होते.

मामा तेव्हा इथंच होता. दादा आणि तो, एरवी एका गोष्टीवर एकमत नसलेली दोन माणसं, एका स्कूटरवर बसून पदाधिकाऱ्याच्या घरी गेली. दादा मराठीत बोलले, मामा कन्नडमध्ये. त्या गृहस्थानं दोन्ही भाषांत नाही म्हटलं. दादांनी पैसे द्यायची तयारी दाखवली तर म्हणे कमिटीची बैठक घ्यावी लागेल. बैठक तीन आठवड्यांनी झाली. पत्र मिळालं, पैसे न घेता. तोवर मुदत सरली होती आणि गोव्याच्या क्लबनं दुसरा मुलगा घेतला होता.

कोटीच्या करारातला खेळाडू तारीख संपली की हात झटकून जातो, तिथं कायदा आहे, एजंट आहे, वकील आहे. ज्याच्याशी कुणी कसला करारच केला नाही, त्याला मात्र एका लेटरहेडनं घरी बसवलं. टीव्हीवरच्या चर्चेत हा मुलगा कधी येत नाही. आमच्याही चर्चेत तोवर आला नव्हता, हे कबूल करतो. तो आता उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला आहे. रविवारी खेळतो.

राहुल भेके २०२१ ला मुंबई सिटीत गेला होता. तिथं कर्णधार झाला आणि २०२४ च्या मे महिन्यात कोलकात्यात मोहन बागानला हरवून त्यानं आयएसएलचा करंडक उचलला. त्याच उन्हाळ्यात तो परत बेंगळुरुत आला. मामानं फोन करून ऐकवलं, "बघा मावा, आला की नाही परत?" मला वाटलं दादा आता काहीतरी खोचक बोलणार. दादांनी विचारलं, "त्याला पत्रासाठी कुणी अडवलं नाही ना?"

पलीकडून मामा क्षणभर गप्प. मग म्हणाला, "इल्ल मावा. करार संपला होता."

"मग बरं झालं."

२०२५ साली तर वेगळंच संकट आलं. लीग चालवण्याचे हक्क कुणाकडं जाणार हे ठरेना, हंगाम लांबत गेला, आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरु एफसीनं खेळाडूंचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं. छेत्रीसह सगळ्यांचे. वर्ष संपेपर्यंत लीगचा एकही सामना झाला नाही, आणि डिसेंबरात मुंबई सिटीचे परदेशी मालकही बाहेर पडले. त्याच डिसेंबरात फातोर्ड्याला सुपर कपचा अंतिम सामना मात्र झाला. गोव्यानं ईस्ट बंगालला पेनल्टीवर हरवलं. मामा सुट्टीवर आला होता. त्या रात्री तो दादांच्या शेजारी बसून गोव्यासाठी ओरडला. विचारलं तर म्हणाला, "आमचं दुकान बंद आहे, तोवर इथं."

ड्रायव्हरचा मुलगाही सामना बघायला आला होता. कामावरून थेट, हाताला काळी माती तशीच. दादांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं. गोव्याकडून ब्रायसन फर्नांडिस उजवीकडून सुटला की मुलाचे पाय जमिनीवर आपोआप हलत होते. सामना संपल्यावर दादांनी विचारलं, "आता कुणी बोलावलं तर जाशील?"

"पत्र आहे की घरात," तो म्हणाला. "आईनं पिशवीत घालून ठेवलंय."