प्रसूतिगृहांनी हिशेब द्यावा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात शेकडा २१.५ प्रसूती सिझेरियन शस्त्रक्रियेने झाल्या, महाराष्ट्रात २५.४. परंतु सरासरीच्या या पडद्याआड खरे चित्र निराळेच आहे. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४! अडलेल्या बाळंतिणी बहुधा सरकारी रुग्णालयांकडेच धाडल्या जातात. तेव्हा फरक दिसायचाच तर तो उलटा दिसावयास हवा होता.

याचा सारा दोष डॉक्टरांच्या धनलोभावर ढकलणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. कळा देणाऱ्या स्त्रीजवळ रात्रभर धीराने बसावयास शिकलेली सुईण लागते आणि ती आपल्या बहुतेक प्रसूतिगृहांत नाही. मग घड्याळ निर्णय घेते. गर्भाशयाचे मुख ताशी एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना दंडक जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली मोडीत काढला. केवळ मंद गती हे शस्त्रक्रियेस कारण नव्हे. पहिल्या वेळी पोट उघडले की पुढच्या खेपेसही बहुधा तेच घडते आणि जुन्या व्रणावर वार रुजून जीवघेणा रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

मग सरकारने एक कमाल आकडा ठरवून द्यावा काय? आमचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. इंग्लंडमध्ये श्रूझबरीच्या रुग्णालयात कमी सिझेरियन हीच प्रतिष्ठा मानली गेली. त्यापायी माता व अर्भके दगावली, हे २०२२ च्या चौकशी अहवालाने उघड केले. इकडे बिहारच्या सरकारी रुग्णालयांत २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण अवघे ३.६ होते. ते संयमाचे नव्हे, अभावाचे लक्षण होय!

सर्व प्रसूतींची दहा गटांत विभागणी करणारी रॉबसन यांची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पुरस्कारिली. पहिलटकरीण, पूर्ण दिवस, बाळाचे डोके खाली, कळा आपोआप सुरू झालेल्या: अशा निर्धोक गटातच जर निम्म्या स्त्रिया शस्त्रक्रियेच्या टेबलावर जात असतील, तर त्या रुग्णालयास जाब विचारता येतो. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नूतनीकरणाचा अर्ज येतो, त्याच वेळी राज्य सरकारने हा गटवार हिशेब, दगावलेल्या माता व अर्भकांच्या आकड्यांसह, मागून घ्यावा आणि तो रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर मराठीत लावावयास सांगावे.