कैकेयीचं बोट

ऐन युद्धात रथाच्या चाकाची खीळ निखळली आणि कैकेयीने तिथे आपलं बोट घातलं, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. त्या बोटापायी पुढे दशरथाला काय भोगावं लागलं, तेही ठाऊक असतं. तात्पर्य, चाक जागच्या जागी राहावं यासाठी आपल्याकडे मोठी किंमत मोजली गेली आहे. साधा बैलगाडीवालासुद्धा निघण्यापूर्वी आसाच्या खिळीवर एक नजर टाकतो. आणि आता अशी मंडळी निघाली आहेत, की जी चाक बाहेर यावं म्हणून पदरचे पैसे मोजतात!

या शौकाला लागणाऱ्या वस्तूचं नाव स्पेसर. हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायची ही धातूची चकती. तिच्या जाडीइतकं चाक बाहेर येतं आणि गाडी तालमीतून नुकत्याच आलेल्या पैलवानासारखी खांदे फुगवून उभी राहते. स्टुटगार्टला असणाऱ्या माझ्या भाच्याने जुनी पोर्शे 911 घेतली, 1997 साली आलेल्या 996 पिढीची. महिनाभरातच त्याला तिचे खांदे पडलेले दिसू लागले.

"मामा, पाच मिलिमीटरची तर चकती! आहेत तेच बोल्ट चालवायचे. बसतंय की!"

माझं भांडण आहे ते या 'बसतंय की'शी. नळाची तोटी, दाराची कडी आणि दिवाळीचा सदरा या तत्त्वावर खुशाल बसवा. पण ताशी दोनशे किलोमीटरने पळणाऱ्या गाडीचं चाक म्हणजे सदरा नव्हे.

हिशेब चौथीच्या पोराला जमेल इतका सोपा आहे. या बोल्टला दर दीड मिलिमीटरला एक आटा. पाच मिलिमीटरची चकती मध्ये आली, की तीन आट्यांहून जास्त पकड गेली! बाहेरून बोल्ट पूर्वीसारखाच चकाकत असतो. आत किती आटे उरले ते चाक निखळल्यावर कळतं, आणि त्या वेळी मोजायला निवांतपणा नसतो.

आता तुम्ही म्हणाल, स्पेसर वापरूच नयेत का? इतका काही मी सोवळा नाही. खुद्द पोर्शेनेच 911साठी पाच मिलिमीटरचे स्पेसर विकले आहेत. पण लांब बोल्टांसकट. यातच सगळं आलं. चकती जितकी जाड, तितकाच बोल्ट जास्त लांब. त्याहून लांब झाला, तर मागच्या डिस्कच्या पोटातल्या हँडब्रेकला जाऊन भिडायचा. पोर्शेच्या बोल्टची बैठक गोलाकार असते. तिथे निमुळत्या बैठकीचा बोल्ट स्वस्त पडतो म्हणून आणू नये. चकतीचं मधलं भोक हबवर नेमकं बसणारं, 71.6 मिलिमीटरचं हवं. हबचा काठ चकतीतून पुढे उरायला हवा, नाहीतर चकतीला स्वतःचा काठ हवा. नपेक्षा चाक मध्यावर बसत नाही आणि गाडी हिवताप आल्यासारखी थरथरते. हबवरचा गंज आधी घासून काढावा. बोल्ट टॉर्क पान्याने 130 न्यूटन-मीटरला आवळावेत, पान्यावर उभं राहून नव्हे. आणि थोडं अंतर धावल्यावर पुन्हा तपासावेत. एका चकतीवर दुसरी चकती? ती फक्त दहीवड्याच्या ताटलीवर शोभते.

जर्मनीत अशा चकतीला तपासणीचा दाखला लागतो. ती कोणत्या गाडीला आणि कोणत्या चाकाला चालते, ते त्यात लिहिलेलं असतं. भाचा याला कारकुनी कटकट म्हणतो. पण निखळलेलं चाक मालकाचा पत्ता विचारत जात नाही. ते ट्रामची वाट पाहत, पोराचा हात धरून उभ्या असलेल्या बाईकडे जातं. शौक एकाचा आणि चाक दुसऱ्याच्या अंगावर, हा कुठला न्याय?

कैकेयीने बोटाच्या बदल्यात दोन वर घेतले. बोल्ट बिचारा काही मागत नाही. त्याला फक्त पुरेसे आटे हवेत. तेवढे द्यायला हात आखडत असेल, तर चाक आहे तिथेच बरं दिसतं!