सूर्यपृष्ठाच्या अखंड निरीक्षणाची निकड
१९८९ च्या मार्चमध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताला ज्या सौरवादळाने सुमारे नऊ तास अंधारात लोटले, त्याचे मूळ सूर्यपृष्ठावरील तप्त प्लाझ्माच्या अविरत संचारात होते. कारण हे प्रवाह चुंबकीय क्षेत्ररेषांची मुळे दोरीसारखी पिळत नेतात, त्या पिळात ऊर्जा साचत राहते, आणि परस्परविरुद्ध दिशांच्या रेषा तुटून नव्याने सांधल्या गेल्या की ती अकस्मात मुक्त होऊन प्रचंड द्रव्यराशी अवकाशात भिरकावली जाते. स्फोटानंतरची नोंद ही केवळ दप्तरी बाब होय. खरी निकड आहे ती तत्पूर्वीच्या पिळाच्या अहोरात्र निरीक्षणाची. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या पुढाकाराने सिद्ध झालेली अतिनील दुर्बीण आदित्य-एल१ यानावर कार्यरत आहेच. अशा निरीक्षणांसाठी सरकारने अंदाजपत्रकात कायमची तरतूद करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.