किती वॅटवर ओढलेले चालते?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. इंदापूर तालुक्यातल्या एका गावचा एकोणीस वर्षांचा मुलगा ओपीडीत आला. बारामतीत कॉलेजला, मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा. सोबत आई होती. "साहेब, तीन आठवडे झाले, पोराचा खोकला हटंना," ती म्हणाली. मी नेहमीचे प्रश्न विचारले. तंबाखू? नाही. बिडी-सिगारेट? नाही. एक्स-रे साफ होता, थुंकीच्या तपासणीतही काही निघाले नाही. औषध लिहून दिले.

दहा दिवसांनी तो एकटाच आला. दार लोटून घेतले आणि खिशातून काडेपेटीहून थोडी मोठी डबी काढून टेबलावर ठेवली. "सर, मी हे ओढतो. किती वॅटवर ठेवलं तर खोकला येणार नाही?"

पहिल्या भेटीत तो माझ्याशी खोटे बोलला नव्हता. ई-सिगारेटला ही मुले सिगारेट म्हणतच नाहीत, 'व्हेप' म्हणतात. मी तो शब्द वापरून विचारले नव्हते, ही माझी चूक.

त्याला रागावून घालवणे सोपे होते. पण त्याने शास्त्रीय प्रश्न विचारला होता आणि त्याला शास्त्रीय उत्तर द्यायला हवे होते. तेच इथे देतो.

या डबीत एक बॅटरी, तारेचे छोटे वेटोळे, त्यात कापसाची वात आणि वातीत मुरलेला द्रव असतो. बटण दाबले की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. तार किती तापणार हे वॅटवर ठरते. ३.७ व्होल्टच्या बॅटरीला १ ओहमचे वेटोळे लावले तर सुमारे १४ वॅट मिळतात. अर्ध्या ओहमचे लावले तर तीच बॅटरी सुमारे २७ वॅट देते. म्हणजे नुसते वेटोळे बदलले तरी जाळ दुप्पट होतो.

द्रवही सारखे नसतात. त्यात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते. पहिले पातळ, १८८ अंशांना उकळणारे. दुसरे काकवीसारखे दाट, २९० अंशांना उकळणारे. ग्लिसरीन जास्त असले की वाफेसाठी जास्त उष्णता लागते आणि वातीत ते हळू चढते. म्हणून या द्रवाला इतके वॅट, त्या द्रवाला तितके, असे हिशेब मुले एकमेकांना सांगतात. चव आणि धूर यांपुरता तो हिशेब खराही असतो.

पण फुफ्फुसाचा हिशेब वेगळा आहे. आपल्याकडच्या गुऱ्हाळावर ज्याने काहील पाहिली आहे, त्याला हे लगेच कळेल. जाळ जास्त झाला किंवा रस कमी पडला की पाक करपतो. इथेही वात कोरडी पडली की ग्लिसरीन करपते आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड, अॅक्रोलिन अशी द्रव्ये तयार होतात. पहिले कर्करोगकारक आहे, दुसरे श्वासनलिकेचे अस्तर जाळते. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की ३.३ व्होल्टला न सापडलेली फॉर्माल्डिहाइडची संयुगे ५ व्होल्टला भरपूर सापडली. त्यावर आक्षेप आला की इतक्या तापलेल्या यंत्राचा झुरका कडू लागतो, तो कोणी ओढणारच नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण करपण्याआधीही पॉवर वाढेल तशी ही द्रव्ये वाढत जातात. गुळव्याला पाकाचा रंग दिसतो, फेस दिसतो. या मुलाकडे फक्त जिभेची चव आहे आणि तीही आंबा-पुदिन्याच्या वासाने झाकलेली.

मग वॅट कमी ठेवावेत का? कमी वॅटला निकोटीन कमी मिळते, की माणूस जास्त वेळा आणि लांब झुरके ओढतो. शिवाय निकोटीन सॉल्टचे तीव्र द्रव कमी पॉवरच्या यंत्रांसाठीच बनवलेले असतात, त्यामुळे तिथे निकोटीन कमी मिळेलच असे नाही. तोच द्रव चुकून मोठ्या यंत्रात गेला तर मळमळ, चक्कर, धडधड ठरलेली. तारेतून निकेल, क्रोमियमसारखे धातू वाफेत उतरतात, ते वेगळेच.

म्हणून त्याला सांगितले, "बाळा, चवीचा आकडा असेल, सुरक्षिततेचा आकडा नाही."

दुसरी बाजूही सांगायला हवी. धूम्रपान करणाऱ्या प्रौढांना सिगारेट सोडायला निकोटीनयुक्त ई-सिगारेटची मदत होते, याचा चांगला पुरावा आहे; ब्रिटनमध्ये त्यासाठी ती वापरलीही जाते. जळत्या सिगारेटपेक्षा तिच्यात विषारी द्रव्ये कमी असतात. पण माझ्यासमोरच्या मुलाने सिगारेट कधी ओढलीच नव्हती. त्याने काहीच सोडले नव्हते, नवे व्यसन तेवढे लावून घेतले होते. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, त्या वयात निकोटीन खोल रुजते.

आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात बंद केली. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदी योग्यच आहे. पण राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि तिचे काय झाले, हे वाचकांना सांगायला नको. चोरून आलेल्या बाटलीवर काय लिहिले आहे आणि आत काय आहे, याची हमी कोणाचीच नाही. अमेरिकेत २०१९-२० मध्ये व्हेपिंगमुळे फुफ्फुसांना इजा होऊन २,८०७ रुग्ण दाखल झाले किंवा दगावले. मृत्यू ६८ होते. मुख्य कारण निघाले गांजाच्या अर्कात भेसळ केलेले व्हिटॅमिन ई अॅसिटेट. ओढणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

हे लिहिताना प्रमाणही सुटू देऊ नये. महाराष्ट्रात २०१६-१७च्या पाहणीत २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. माझ्या ओपीडीत आजही मिश्रीवाल्या आजी आणि गुटख्याने तोंड न उघडणारे तरुण व्हेपवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त येतात. पण तंबाखूला हात न लावलेली, शिकणारी मुले नव्या वाटेने त्याच निकोटीनकडे येत असतील, तर ती वाट आताच अडवली पाहिजे.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. आम्ही डॉक्टरांनी तरुण रुग्णाला आई-वडिलांना बाहेर बसवून, 'व्हेप' हा शब्द वापरून विचारावे. कॉलेजांनी वस्तू जप्त करून नाव काढून टाकण्याऐवजी मुलाला समुपदेशनाला पाठवावे. शिक्षेच्या भीतीने मुले लपवतात आणि उपचाराला उशीर होतो. कारवाईचा जोर विकणाऱ्यावर ठेवावा. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते. दोन-चार आठवड्यांत तलफ बरीच उतरते.

तो मुलगा तीनदा येऊन गेला. मधे एकदा पुन्हा ओढले, तेही त्याने स्वतःहून सांगितले. आता खोकला नाही. आईला सांगायचे की नाही, ते मी त्याच्यावर सोडले आहे.