करैवेट्टीचे वारकरी

कुंभकोणमला गेलेला मराठी माणूस देवळं पाहतो, पितळी डबऱ्यातून डिग्री कॉफी पितो, रामानुजन यांचं सारंगपाणी रस्त्यावरचं छोटंसं घर बाहेरून-आतून बघतो आणि तंजावरच्या गाडीला लागतो. मीही तेच ठरवून गेले होते. पण ज्यांच्याकडे उतरले होते त्या आत्यांनी (आमच्या ऑफिसातल्या एका तंजावरी मैत्रिणीच्या आत्या, म्हणजे आता आम्हा सगळ्यांच्याच) पहिल्याच संध्याकाळी मला महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर नेऊन बसवलं.

"तुमच्याकडे नाशकाला सिंहस्थ भरतो ना? इथंही तोच गुरू, तीच सिंह रास. नदीच्या जागी फक्त हे तळं," त्या म्हणाल्या.

खरंच की! गुरू सिंह राशीत आला की गोदावरीकाठी सिंहस्थ आणि इथं बारा वर्षांनी येणारा महामहम. अमृताचा कुंभ इथं फुटला आणि त्या अमृताची तळी झाली, अशी इथली कथा. सहा एकरांहून मोठं तळं, चारी बाजूंना दगडी पायऱ्या आणि काठावर सोळा मंडप. नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी ते बांधवले. १९९२ च्या महामहमला इथंच चेंगराचेंगरीत सुमारे पन्नास माणसं गेली. आत्या त्या दिवशी घरातच होत्या. त्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "चपला कितीतरी दिवस गोळा करत होते."

मला पक्ष्यांचं थोडं वेड आहे. त्यामुळे बोलता बोलता माझं लक्ष पाण्याकडे होतं. तासाभरात दिसलं काय? एक खंड्या, दोन वंचक आणि वर घिरट्या घालणारी घार. एवढं पाणी आणि पाखरू नाही! पण त्यात आश्चर्य नाही. पाणपक्ष्यांना उथळ चिखल लागतो, लव्हाळी लागतात, पाण्यात उभं राहता येईल असा उतरता काठ लागतो. स्नानासाठी बांधलेल्या तळ्यात पहिल्या पायरीलाच पाणी खोल. बगळ्याने पाय ठेवायचा कुठे?

मी हे बोलून दाखवलं तेव्हा आत्या म्हणाल्या, "पाखरं बघायचीत तर करैवेट्टीला जा. मी सत्तर वर्षं ऐकत्ये, गेले मात्र नाही." मग दोघींनीच जायचं ठरलं.

पोंगल नुकताच झाला होता. पहाटे निघायचं ते कॉफीच्या दुसऱ्या फेरीमुळे साडेसहाला निघालो. तिरुवैयारूवरून, त्यागराजांच्या समाधीच्या गावातून, पुढे तिरुमानूरला कोळ्ळिडमचा लांबलचक पूल ओलांडला की कावेरीचा हिरवा पट्टा मागे पडतो आणि अरियलूर जिल्हा सुरू होतो. दीड तासाचा रस्ता. वाटेत आत्या आपल्या कुळाची गोष्ट सांगत होत्या. त्यांचं मराठी ऐकताना मला सारखं वाटत होतं की बखरीतलं कुणी बोलतंय. व्यंकोजीराजे १६७६ मध्ये तंजावरच्या गादीवर बसले. १८५५ मध्ये राज्य गेलं, पण भाषा घरात राहिली. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव याच कुंभकोणमात १८२८ मध्ये जन्मले, हे आत्या मला तीनदा सांगून चुकल्या. बडोद्याची सयाजीबाग १८७९ ची, म्हणजे त्यांच्याच दिवाणगिरीतली, हे मी सांगितल्यावर मात्र त्यांनी मला चौथ्यांदा सांगितलं नाही.

करैवेट्टीचा तलाव नैसर्गिक नाही. शेतीसाठी बांध घालून अडवलेलं पाणी आहे, साडेचारशे हेक्टरांवर पसरलेलं. पुलंबाडी कालव्याने कावेरीचं पाणी इथवर येतं, म्हणजे मुळात मेत्तूर धरणाचंच. वर ईशान्य मोसमी पावसाची भर. ऑक्टोबरपासून तलाव भरत जातो, शेतकरी मोऱ्या उघडून पाणी घेतात आणि उन्हाळ्यात तळ उघडा पडतो. या भरण्या-आटण्यावरच पक्ष्यांचं सगळं गणित बसलेलं आहे. २०२४ च्या जानेवारीत करैवेट्टीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तामिळनाडू या यादीत देशात सगळ्यांत पुढे आहे. आपल्या महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी, अशी तीनच नावं.

बांधावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि पाण्यावर झळा हलायला लागल्या होत्या. कॉफीची दुसरी फेरी महागात पडली, हे लगेच कळलं. तरीही! पाण्यातल्या बाभळींवर पंख पसरून बसलेले तिरंदाज आणि पाणकावळे, काठाला मुग्धबलाकांची रांग, पलीकडे तलवार बदकं नि थापटे, आणि मधल्या सगळ्या पाण्यावर काळे ठिपके. हजारो. दुर्बीण आत्यांच्या हातात दिली.

"काळं पाखरू, कपाळावर पांढरा टिळा," त्या म्हणाल्या. "काय नाव याचं?"

"वारकरी."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली, माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करत नाही याची खात्री करून घेतली आणि हसू लागल्या. दर एकादशीला त्या कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमच्या विठ्ठल मंदिरात जातात. तिथं तमिळ मंडळी तुकोबांचे अभंग म्हणतात, उच्चार आत्या सुधारतात. "आता तिथं सांगत्ये, दिंडी करैवेट्टीला उतरलीये म्हणून!"

पट्टकादंब दिसावेत ही माझी खरी इच्छा. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेट, मंगोलिया, लडाखकडे वीण करतो आणि हिमालय ओलांडून खाली येतो. त्याच्या पाठीवर यंत्र बसवून अभ्यास केलेल्या शास्त्रज्ञांना तो सात हजार मीटरच्याही वर उडताना आढळला आहे. आपल्याकडे उजनीच्या पाण्यावर, भिगवणला तो दिसतो. इथं आम्हाला सातच दिसले, तेही लांब, झळांमध्ये थरथरणारे. पण दिसले.

बांधाच्या मोरीपाशी एक शेतकरी बसला होता. आत्यांनी तमिळमध्ये गप्पा सुरू केल्या आणि मला मराठीत सांगत गेल्या. हंस पहाटे शेतात उतरून दाणे खातात, ही त्याची तक्रार. पण मोरी किती उघडायची यावरून गावात भांडणं होतात, ती पक्ष्यांवरून नव्हेत, खालच्या आणि वरच्या शेतांवरून होतात, हेही त्याने सांगितलं. पाणी आलं की पाखरं येतात, पाणी संपलं की जातात. त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. "यंदा अजून आहेत, म्हणजे पिकाला पुरेल," असं तो म्हणाला, आणि विडी पेटवली.

परतीच्या वाटेवर आत्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मेत्तूरहून इथवर पाणी येतं. आमची तळी तर कावेरीच्या कुशीत."

कुंभकोणम कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेलं आहे. शहरातली तळी नद्यांच्या पाटांनी भरायची, हीच जुनी व्यवस्था. तळ्यांवरच्या आणि पाटांवरच्या अतिक्रमणांचा वाद मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. आत्यांना त्यांच्या लहानपणीचा एक पाट आठवत होता. घरामागून जायचा, त्यात मासे असायचे आणि पहाटे बगळे. संध्याकाळी आम्ही दोघी तो शोधायला निघालो. दोन गल्ल्या तो फरशांखाली होता. मधे एका फटीतून पाण्याचा नव्हे, गटाराचा वास आला. पुढे सायकलच्या दुकानापाशी तोही संपला. आत्यांनी दुकानदाराला विचारलं. त्याने पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवलं आणि चहा मागवला.

जाणाऱ्यांसाठी थोडं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. सूर्योदयाला बांधावर हवं, म्हणजे कुंभकोणमहून पहाटे पाचच्या आत निघा. कॉफी परत आल्यावर प्या. पाणी, टोपी, दुर्बीण बरोबर असू द्या. जवळ खायला फारसं काही मिळेलच असं नाही, आत्यांनी दिलेली इडली आणि कुंभकोणमची खास कडप्पा (मूगडाळ-बटाट्याची) आम्हाला पुरली. भडक कपडे घालू नका. बांधावरून खाली उतरू नका, तिथं चिखल फसवा आहे.

पुढचा महामहम २०२८ मध्ये. गेल्या आठवड्यात आत्यांचा फोन आला होता. त्या पाटासाठी त्यांनी अर्ज लिहिलाय, तमिळमध्ये, चार पानी. तो त्यांनी मला फोनवर मराठीत सगळा वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर वारकऱ्यांचा उल्लेख आहे.