दुवा आणि दाखला

संदर्भ देणे हा ज्ञानव्यवहारातील एक शिष्टाचार समजला जातो. वस्तुतः ती साक्ष असते. आधार घेणारा अभ्यासक त्या ग्रंथासाठी आपली पत पणाला लावीत असतो. विद्यापीठांतील या जुन्या रीतीला महाजालावर कोणते रूप आले आहे, याचा विचार भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी करणे अगत्याचे आहे. आपल्या भाषांतील लेखन वाचकापर्यंत पोहोचणे आता पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून आहे.

युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात विज्ञानलेखांच्या संदर्भसूचीची कल्पना मांडली. एखाद्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला, हे तीवरून कळावे असा हेतू होता. याच विचाराचा विस्तार करून स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये 'गूगल'ची मांडणी केली. एका पृष्ठाने दुसऱ्याला दिलेला दुवा ही शिफारस होय. शिफारस करणाऱ्याची प्रतिष्ठा जितकी मोठी आणि त्याने दिलेले दुवे जितके मोजके, तितके तिचे वजन अधिक. शोधयंत्रे आज इतर अनेक गमके विचारात घेतात. तरी दुव्याचे महत्त्व संपलेले नाही.

शिफारशीला मोल आले, की तिचा बाजार भरतो. दुवे विकत घेणे, केवळ परस्परसोयीसाठी त्यांची देवघेव करणे, दुवे देण्यापुरतीच पोकळ संकेतस्थळे उभारणे हे प्रकार त्यातूनच निपजले. मराठीच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. संतांची नाममुद्रा घालून इतरांनी रचलेले अभंग गाथांत शिरलेच होते. त्यांतील कित्येकांमागे श्रद्धा असेल, दुव्यांच्या व्यापारामागे केवळ हिशेब असतो. परंतु उसन्या प्रामाण्याची ओढ दोन्हीकडे सारखीच, आणि निवडीचे कष्ट संपादकाच्या माथी येतात तेही सारखेच. शोधयंत्रांनाही हे संपादन करावे लागले. दुव्याला देणाऱ्याची हमी नाही, हे दर्शविणारी 'नोफॉलो' ही खूण २००५ मध्ये आली. कृत्रिम दुव्यांवर विसंबणाऱ्या स्थळांना मागे सारणारा 'पेंग्विन' नावाचा बदल गूगलने २०१२ मध्ये केला. आणि मोबदला घेऊन दिलेल्या दुव्यांसाठी २०१९ मध्ये निराळी खूण ठरविली.

या साऱ्यामुळे 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' ही व्यापाऱ्यांची विद्या आहे, असे म्हणून विद्वान नाक मुरडतात. ही तुच्छता महागात पडणारी आहे. या विद्येतील मोठा भाग म्हणजे निव्वळ चांगले संपादन होय : नेमके शीर्षक, टिकाऊ पत्ता, वाचता येण्याजोगी संहिता. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही जुन्या टंकांत बसविलेले किंवा नुसत्या छायाप्रतींच्या रूपात ठेवलेले मराठी लेखन आढळते. माणसाला ते वाचता येते; यंत्राला मात्र एकीकडे निरर्थक चिन्हे दिसतात, दुसरीकडे केवळ चित्र. दुव्यावर ग्रंथाचे नाव घालण्याऐवजी 'येथे टिचकी मारा' एवढेच लिहिले, तर आत काय आहे याचा सुगावा वाचकालाही लागत नाही.

मात्र खरी उणीव तांत्रिक नाही. आपल्या भाषांचे अभ्यासक परस्परांना दुवे देत नाहीत, हे मूळ दुखणे आहे. कन्नड वचनांवर लिहिणाऱ्याने मराठी विश्वकोशातील संबंधित नोंदीकडे, आणि वारकरी संतांवर लिहिणाऱ्याने वचनांच्या विश्वसनीय संहितेकडे बोट दाखवावे, इतकी साधी अपेक्षाही सहसा पुरी होत नाही. तौलनिक अभ्यासाचा आग्रह चर्चासत्रात धरायचा आणि स्वतःच्या पृष्ठावर शेजारच्या भाषेला थारा द्यायचा नाही, ही विसंगती आहे. अभ्यासकांनी रिकामी ठेवलेली जागा मग पैसे मोजणारे भरून काढतात.

असे दुवे मुद्दाम देणे हीसुद्धा एक क्लृप्तीच नव्हे काय, असा आक्षेप येईल. त्याला कसोटी सोपी आहे : शोधयंत्र अस्तित्वात नसते, तरी वाचकाच्या हितासाठी हा दुवा दिला असता काय? उत्तर होकारार्थी असेल, तर तो दाखला आहे. एरवी तो सौदा आहे. प्रत्येक भाषाविभागाने या कसोटीला उतरणाऱ्या संहिता, कोश व अभ्यास यांची दुव्यांसह यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवावी, वर्षातून एकदा ती तपासून मृत दुवे काढावेत, आणि तिच्यात निदान एका शेजारभाषेला स्थान द्यावे. या कामाला अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.