जाळी विरघळली, टाका राहिला

"ही लबाडी आहे," असे म्हणून तालुक्यातल्या एका प्रदर्शनात परीक्षक बाईंनी माझ्या भाचीचे काम बाजूला सारले. काम होते फेल्टच्या तुकड्यावर फुलीच्या टाक्यांनी भरलेले तुळशीवृंदावन. गुन्हा असा, की पोरीने फेल्टवर पाण्यात विरघळणारी जाळी टाचली, तिच्या घरांवरून टाके घातले आणि मग जाळी पाण्यात घालवली. बाईंच्या मते फुलीचा टाका मॅटीवर धागे मोजूनच घालावा. एरवी ती नक्कल!

बाईंना मी नम्रपणे विचारते, फेल्टवर मोजायचे काय? ते विणलेलेच नसते. लोकर पिंजायची, पसरायची, भिजवून गुंडाळायची आणि मळायची, की केसात केस गुंततो. तिथे ताणा नाही, बाणा नाही. जाळी ही उणीव भरून काढते, इतकेच. तिच्यात इंचाला 14 घरे असली, तरी नक्षी भरणारणीलाच मोजावी लागते. एक घर चुकले की वृंदावन कलते, आणि जाळी काही कान धरून सांगत नाही.

दिवाळीत ठिपक्यांच्या रांगोळीसाठी उदबत्तीने भोके पाडलेला कागद आपण अंगणात ठेवतोच ना? रांगोळी पुसून कागद उचलला की ठिपके उमटतात. म्हणून ती रांगोळी कागदाने काढली, असे कुणी म्हणते का? आमच्या आयांनी साध्या पोलक्यावर फुलीचा टाका घालताना वर मॅटीचा तुकडा टाचला, आणि भरून झाल्यावर त्याचा एकेक धागा ओढून काढला. त्यांच्या चिकाटीचे तर कौतुक झाले. फेल्टवर असे धागे ओढले तर केस उपसून येतात, म्हणून ओढण्याऐवजी विरघळवायचे. ज्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची ही जाळी होते, तेच कापड गिरण्यांत ताण्याच्या सुताला खळ म्हणून देतात आणि मागाहून धुऊन टाकतात. बाईंच्या साडीने कदाचित हीच 'लबाडी' आधी केली असेल!

इरकली लुगड्यावर कशिदा काढणाऱ्या बायांपुढे मात्र मी हात जोडते. त्यांच्या कशिद्यातली 'मेंथी' म्हणजे हीच फुली. वर छाप नाही, जाळी नाही, नुसत्या नजरेने धागे मोजायचे. पण त्यांच्या सुईखाली विणलेले लुगडे होते, हे विसरून चालणार नाही.

आणि माझे खरे भांडण निराळेच आहे. आमच्या सांगवीपासून जवळच, काटेवाडीला, आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. आपण ते डोळे भरून पाहतो आणि घरी येतो. त्याच मेंढ्यांच्या लोकरीत पुष्कळदा कातरणावळही सुटत नाही. या दख्खनी लोकरीची घोंगडी विणतात. जेन मात्र विणत नाहीत, ते मळून करतात. म्हणजे जेन हे आपले घरचे फेल्ट! दुकानात मिळणारे रंगीत फेल्ट बहुधा पॉलिस्टर नाहीतर ॲक्रिलिकचे असते. जेनवर मोजून भरायची सोय नव्हती, ती आता या जाळीने झाली. आणि तेवढ्यातच आपण तिला चोर ठरवायला निघालो.

काम सोपे नाही, हेही सांगते. मॅटीची बोथट सुई जेनमध्ये शिरत नाही, अणकुचीदारच लागते. पाणी कोमट हवे, आणि चोळायचे तर मुळीच नाही. ऊन पाण्यात चोळलेली लोकर आणखी आटते आणि महिन्याची मेहनत सुरकुतते. दोन-तीनदा पाणी न बदलल्यास जाळीचा चिकटा राहून टाके ताठ होतात. ते पाणी शेवटी मोरीत जाते, ही तक्रार कुणी केली तर मी ऐकून घेईन. म्हणून जाळी नक्षीपुरतीच कापावी.

पुढच्या साली भाची जेनवर वृंदावन भरणार आहे. परीक्षक बाईंनी ते अवश्य उलटून पाहावे, आणि वाटल्यास धागेही मोजावेत.